ओठांवरची सूज आणि जिभेखालची सूज

त्या संध्याकाळी तातडीच्या विभागात आलेल्या तिशीतल्या तरुणाचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते, ओठ दुपटीने फुगले होते आणि अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या. दाढदुखीसाठी वेदनाशामक गोळी घेतल्यावर तासाभरात हे सुरू झाले होते. त्याचे रूप पाहून बरोबरचे नातेवाईक रडकुंडीला आले होते. परंतु तो खणखणीत आवाजात आपली हकीकत सांगत होता, जीभ पूर्ण बाहेर काढून दाखवत होता, लाळ सहज गिळत होता, आणि त्याचा रक्तदाब व छातीची तपासणी दोन्ही ठीक होती. अ‍ॅलर्जीविरोधी औषधे देऊन त्याला नजरेखाली ठेवले आणि मी दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून आलेल्या बोलावण्याकडे वळलो.

तिथे पायाच्या जंतुसंसर्गासाठी दाखल झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी खाटेच्या कडेला पुढे झुकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर म्हणण्यासारखे काही नव्हते. खालचा ओठ एका बाजूला किंचित जाड दिसत होता, एवढेच. अंगावर गांधी नव्हत्या, खाज नव्हती. मात्र हातातला रुमाल लाळेने भिजलेला होता. “आजी, काय होतंय?” असे विचारल्यावर त्यांनी “जीभ जड झाली” असे सांगितले, ते तोंडात घास असताना बोलावे तशा आवाजात. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, आईचा आवाज असा नाही.” माझ्या दृष्टीने तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष त्या एका वाक्यात आला होता.

बोटाला लावलेले ऑक्सिजनमापक 98 टक्के दाखवत होते आणि सिस्टरांना त्याचा दिलासा वाटत होता. अशा सुजेत तो आकडा मी शेवटी पाहतो, कारण श्वासमार्ग बराच अरुंद होईपर्यंत रक्तातला ऑक्सिजन टिकून राहतो आणि घसरू लागतो तेव्हा हाताशी फार वेळ उरलेला नसतो. पाहायचे असते ते सूज नेमकी कुठे आहे, ती किती वेगाने वाढते आहे, आवाज बदलला आहे का, लाळ गिळता येते का आणि रुग्ण आडवा व्हायला तयार आहे का. 1999 मध्ये मांडलेली एक वर्गवारी आजही उपयोगी पडते: चेहरा व ओठ ही पहिली पायरी, मऊ टाळू दुसरी, जीभ तिसरी आणि स्वरयंत्र चौथी. वरच्या पायऱ्यांवरच्या रुग्णांना कृत्रिम श्वासमार्गाची गरज पडण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे त्यांची जागा अतिदक्षता विभागात असते. तरुण पहिल्या पायरीवर होता; आजी किमान तिसऱ्या.

औषधांच्या कागदावर कारणही सापडले. रक्तदाबासाठी त्या कित्येक वर्षे रामिप्रिल घेत होत्या आणि अलीकडे मधुमेहासाठी त्यात व्हिल्डाग्लिप्टिनची भर पडली होती. रामिप्रिलच्या गटातली औषधे ज्या विकराला रोखतात, तोच विकर शरीरातल्या ब्रॅडिकायनिन या रसायनाचे विघटन करतो. विघटन थांबले की ब्रॅडिकायनिन साचते, केशवाहिन्यांमधून द्रव पाझरतो आणि खाज व गांधींशिवाय सूज येते. ही औषधे घेणाऱ्या हजारांत साधारण एक ते सात जणांना असे होते आणि ते पहिल्या आठवड्यात होईल तसे कित्येक वर्षांनीही होऊ शकते, म्हणून “इतकी वर्षे घेतेय, काही झालं नाही” या उत्तरावर थांबता येत नाही. ग्लिप्टिन गटाची सोबत हा धोका वाढवते. पक्षाघाताच्या रुग्णांना गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज देताना आम्ही अधूनमधून त्यांची जीभ पाहतो, तेही याचसाठी, कारण त्या औषधानेही ब्रॅडिकायनिन वाढते. असा रुग्ण आधीपासून रामिप्रिलसारखी गोळी घेत असेल तर अधिकच.

वॉर्डातून दिलेल्या अ‍ॅलर्जीविरोधी औषधाचा आणि स्टिरॉइडचा काही परिणाम दिसला नव्हता. अ‍ॅलर्जीच्या शंकेला जागा नको म्हणून मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन दिले. सूज जराही हलली नाही. ब्रॅडिकायनिनच्या सुजेत हे अपेक्षितच असते. ब्रॅडिकायनिन बनणे कमी व्हावे म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड दिले, पण कोणत्याही औषधाच्या भरवशावर वाट पाहण्याची ती वेळ नव्हती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आजींना बसलेल्या स्थितीतच ठेवून नाकातून बारीक दुर्बीण घातली, तेव्हा जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राच्या वरच्या घड्या फुगलेल्या दिसल्या. अर्ध्या तासापूर्वी जड असला तरी कळणारा उच्चार आता कळेनासा झाला होता.

श्वासमार्गात नळी घालायचे ठरल्यावर मुलगा गोंधळला होता. खाली त्या तरुणाला पाहून आलेला असल्यामुळे “त्याला नुसतं सलाइन आणि आईला नळी का?” असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून घाईतही त्याला सांगितले की त्या तरुणाची सूज हवेच्या वाटेबाहेर आहे आणि आईची त्या वाटेतच आहे. शिवाय आज शुद्धीत, सावकाश घालता येणारी नळी तासाभराने कदाचित घालताच येणार नाही.

शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञांनी झोपेचे औषध न देता, फक्त नाक व घसा बधिर करून, दुर्बिणीवरून नळी आत सरकवली. दरम्यान शल्यचिकित्सक हातमोजे चढवून, गळ्यावर छेदाची जागा आखून शेजारी उभे होते. अशा वेळी दुसरा मार्ग आधीच उघडून ठेवावा लागतो; पहिला फसल्यावर साहित्य शोधायला जाणे परवडत नाही. नळी पहिल्याच खेपेला बसली.

तो तरुण रात्रभर नजरेखाली राहून सकाळी घरी गेला. आजींची सूज पुढच्या दोन दिवसांत उतरली. नळीचा फुगा रिकामा केल्यावर बाजूने हवा जाते आहे याची खात्री करून नळी काढली. रामिप्रिल कायमचे बंद झाले, व्हिल्डाग्लिप्टिनही थांबवले, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केले आणि गोळी बंद केल्यानंतरही काही आठवडे सूज पुन्हा येऊ शकते हे मुलाला समजावले. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेली कोणतीही गोळी चालणार नाही, हे त्याने औषधांच्या चिठ्ठीमागे लिहून घेतले. आजींच्या रक्तातल्या सी-4 प्रथिनाची पातळी सामान्य आली आणि घराण्यात कुणालाही अशी सूज आलेली नव्हती, त्यामुळे आनुवंशिक प्रकाराचा संशय मागे पडला आणि मुलाची तपासणी करण्याची गरज राहिली नाही.