नॉर्मल म्हणून गेले होते

परवा दुपारी जेवण उरकून जरा लवंडणार, तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, शनिवारी मोकळी आहेस का? मला नॉर्मल माणसं हवी आहेत." आता आमच्या अख्ख्या घराण्यात नॉर्मल म्हणून कुणी मला हुडकत येईल असं काही वाटलं नव्हतं, त्यामुळे मी आधी हो म्हणून टाकलं आणि मग कशासाठी ते विचारलं.

ती ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासायच्या कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे. कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी नावाची टेस्ट असते, किती फिकट गोष्ट दिसते ते बघायची, तिचे नॉर्मल आकडे काढायचं प्रोजेक्ट तिच्या गळ्यात पडलंय. म्हणजे धडधाकट डोळ्यांची माणसं जमवायची, वयाप्रमाणे गट पाडायचे, आणि कुठल्या वयाला साधारण किती दिसतं ते लिहून ठेवायचं. पन्नास ते साठच्या गटात माणसं कमी पडत होती. चष्मा लावून ६/६ दिसायला हवं, मोतीबिंदू नको, काचबिंदू नको, डायबेटिस नको, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नको. ह्या चाळणीतून ह्या वयात कोण उरणार? मी उरले. शेजारच्या वहिनी शुगरमुळे बाद झाल्या तर त्यांना चक्क वाईट वाटलं.

हे आकडे जगात कुणी काढलेच नाहीयेत असं नाही. फिनलंडमधल्या दोन डॉक्टरांनी २००१ सालीच छापलेत म्हणे. पण खोली बदलली, उजेड बदलला, तपासणारा बदलला की आकडा हलतो, म्हणून ज्याने त्याने आपल्या खोलीचे आपण काढून ठेवलेले बरे. हे मला लगेच पटलं. दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्या कुकरला कुठं लागू पडतात.

तर शनिवारी गेले. आधी भाचीने लक्समीटर घेऊन तक्त्यावरचा उजेड मोजला, मध्ये, कोपऱ्यांत, मग खिडकीचा पडदा ओढला, मग परत मोजला. मग मला एक मीटरवर बसवलं, आपला नंबर घातलेली ती जडशीळ ट्रायल फ्रेम नाकावर चढवली, वर त्या अंतरासाठी थोडा प्लस नंबर टाकला आणि एका डोळ्यावर झाकण.

आपल्याला माहितीय तो तक्ता वेगळा, वर दांडगं अक्षर आणि खाली मुंग्या. तो स्नेलनचा, १८६२ सालचा. हा पेली-रॉबसनचा, १९८८चा. ह्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, जवळजवळ पाच सेंटीमीटरची, फक्त खाली जावं तशी फिकट होत जातात. आठ ओळी, एका ओळीत सहा अक्षरं, तीन-तीनचा गट, आणि प्रत्येक गट आधीच्या गटाच्या साधारण सत्तर टक्केच गडद. वर काळीकुळकुळीत, मग राखाडी, मग दोनदा धुतलेल्या शाईच्या डागासारखी, आणि मग नुसता कोरा कागद. म्हणजे मला तरी कोराच वाटला.

मला वाईट खोड आहे, परीक्षा म्हटलं की पहिला नंबर काढायचा असतो. आता तेहतीस वर्षं कुणी परीक्षा घेतली नाहीये तरी. अंदाजाने शब्द जुळवून बघावा म्हटलं तर तिथंही सोय नाही, कारण सगळी मिळून दहाच अक्षरं वापरतात, सी डी एच के एन ओ आर एस व्ही झेड, ह्यातून कसला शब्द होणार. पाचव्या ओळीपर्यंत खडाखडा म्हटलं. सहाव्यात अडकले. "संपलं," मी म्हणाले. "संपलं नाही," भाची म्हणाली, "बघत राहा, घाई नाही, आणि नाहीच दिसलं तर अंदाजाने सांग."

बघत राहिले. दहा-पंधरा सेकंद काही नाही. आणि मग घाटात धुक्यातून समोरची एसटी हळूहळू लाल व्हायला लागते ना, तसा त्या कागदातून एक डी बाहेर आला. आधी पोट, मग पाठीची रेघ. जरा पापणी लवली की परत गेला.

आणि मला एकदम आजीची परात आठवली.

आजी दुपारी ओट्यावर तांदूळ निवडायला बसायची. मी शेजारी, एका खड्याला एक शेंगदाणा ह्या बोलीवर. काळा खडा कुणीही काढेल, त्याला ती शेंगदाणा द्यायची नाही. खरा मान गारगोटीच्या खड्याला, पांढऱ्या तांदळात पांढरा, तोही तांदळाएवढाच. मी नाक परातीत घालून बसायचे तर म्हणायची, "मागं सर गं, उजेड पाठीवर घे, आणि शोधू नकोस, नुसती बघत राहा, तो आपणहून दिसतो." लक्समीटर नव्हता, बाकी सगळं भाची सांगत होती तेच.

पुढे मी आठवी-नववीत असताना भातात खडे यायला लागले. बाबांच्या दाताखाली कट्कन आवाज यायचा आणि पंगत गप्प व्हायची. वाण्याला शिव्या घालून झाल्या, वाणी बदलून झाला, आंबेमोहर बदलून झाला. आजी म्हणायची, हल्ली पुसट पुसट दिसतं. म्हणून शिबिरात नेलं, तिथं तिने काळ्याभोर अक्षरांचा तक्ता बऱ्यापैकी वाचला, वयाच्या मानाने छान आहे म्हणाले. आता भाचीकडून कळतंय की मोतीबिंदूच्या सुरुवातीला असं होऊ शकतं, पांढऱ्यावरचं काळं नीट दिसतं, पांढऱ्यावरचं पांढरं आधी जातं. तेव्हा कुणाला माहीत.

असो. माझा निकाल. उजवा १.६५, डावा १.६५, दोन्ही मिळून १.८०. हे लॉगमधले आकडे आहेत, आकडा जितका मोठा तितकं फिकट अक्षर दिसतं; १.६५ म्हणजे कागदाहून जेमतेम दोन-सव्वादोन टक्के गडद अक्षरसुद्धा मला दिसतं, आणि दोन डोळे एकत्र आले की अजून एक गट पुढे जाता येतं. "मग मी नॉर्मल ना?" मी विचारलं. भाची हसायला लागली. "मावशी, तुझे आकडे मिळवल्यावरच नॉर्मल किती ते ठरणार आहे."

ह्यावर मी बराच विचार केला. नॉर्मल म्हणजे शंभरातली साधारण पंचाण्णव माणसं ज्यात बसतात तो पट्टा, म्हणजे उरलेली पाच, डोळे ठणठणीत असूनही, आपोआप बाहेर. त्यांना कोण आणि कसं सांगत असेल? माझ्या आधी एक काका आले होते, साठीच्या गटात, हौसेने, इस्त्रीचा शर्ट वगैरे घालून. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात सापडली. नॉर्मल म्हणून आले आणि पेशंट होऊन गेले बिचारे. भाचीला त्यांची शीट बाजूला काढून ठेवावी लागली.

घरी आल्यावर मुद्दाम परातीत तांदूळ घेतला, बाल्कनीत उजेड पाठीवर घेऊन बसले. पण हल्ली पाकिटातल्या तांदळात खडा औषधालासुद्धा सापडत नाही. अर्धा तास नुसते हात पांढरे करून उठले, आणि नवऱ्याला वाटलं मी इडली भिजत घालतेय.

आजीचं ते भातातल्या खड्यांचं सुरू झालं त्याच पावसाळ्यात ती एकदा तिन्हीसांजेला ओट्यावरून उतरताना शेवटची पायरी चुकली. शहाबादी फरशी, पायऱ्या राखाडी, खाली अंगणही राखाडी. खुब्याला लागलं. सगळे तिलाच बोलले, लक्ष कुठं होतं म्हणून. ती काहीच बोलली नाही. बाबांनी दुसऱ्या दिवशी प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा ओढला. पावसात पुसट झाला की परत ओढायचे. आजी गेल्यावरही दोन-तीन वर्षं ओढत होते.