बुलेटचा काटा मायनसला का पडतो

पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे उघड-मीट होऊन स्पार्क पाडणारे छोटे संपर्क) जुन्या बुलेटमध्ये स्टार्टिंगचा त्रास आणि चार्जिंगचा त्रास वेगळे काढता येत नाहीत. स्पार्क बॅटरीच्या जिवावर पडतो आणि बॅटरी स्टेटरच्या, म्हणजे इंजिनवर वीज बनवणाऱ्या भागाच्या, जिवावर जगते. आरएक्स १०० सारखी सीडीआयवाली, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनची, गाडी बॅटरी काढून घरी ठेवली तरी किकवर सुरू होते. बुलेटचं तसं नाही, बॅटरी झोपली की गाडी झोपली. त्यामुळे मेकॅनिक आधी बॅटरी बदलतो, मग स्टेटर, मग रेक्टिफायर (स्टेटरचा एसी बॅटरीसाठी डीसी करणारा भाग). माझ्या गाडीचंही तेच झालं.

गाडी मामाची, १९९३ चं मॉडेल, ३५० स्टँडर्ड, कास्ट आयर्न इंजिन, १२ व्होल्ट. मामाला गुडघ्यामुळे किक मारवेना, म्हणून ती माझ्याकडे आली. त्याआधी त्याने फ्रेमला पावडर कोटिंग करून घेतलं होतं, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सकाळी थंड इंजिनवर पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू. पुण्यात सिंहगड रोडवरून दांडेकर पुलापर्यंत सुद्धा ठीक. पण अलका चौकाच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की आयडलिंग डळमळायचं, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा, इंडिकेटर लुकलुकायचा बंद होऊन नुसता पेटून राहायचा, आणि हिरवा दिवा लागायच्या आत गाडी बंद. मागचे हॉर्न मारतात, आपण किका मारतो. कडेला घेऊन अर्धा तास थांबलं की पुन्हा एका किकमध्ये सुरू! हेडलाइटच्या वरच्या टोपणातला अँपिअर मीटर (बॅटरी भरत असेल तर काटा प्लसला, उतरत असेल तर मायनसला) मात्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता: आयडलिंगला काटा मायनसच्या टोकाकडे, रेस केली तर कसाबसा मध्यावर.

घराजवळच्या गॅरेजने नवी बॅटरी टाकली, आठवडाभर बरं वाटलं. मग नवा स्टेटर टाकला, फरक शून्य. मग निदान आलं, "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल." तिथे मी गाडी उचलून आणली. वायरिंग बदलायला हरकत नव्हती, पण कुठली वायर खराब आहे हे कुणी मोजलेलंच नव्हतं. त्या गॅरेजमध्ये मीटर होता, भिंतीवर खिळ्याला अडकवलेला, धूळ खात.

तपकीर गल्लीत साधा डिजिटल मल्टिमीटर घेतला. नाना पेठेत जुन्या बुलेटचं काम करणारे एक चाचा आहेत, मित्राच्या ओळखीने त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे. त्यांनी मीटरकडे बघितलंही नाही. गाडी सुरू करून दिली, चहा मागवला, चहा संपल्यावर म्हणाले, "दादा, आता कॉइलला हात लावा." लावला आणि लगेच मागे घेतला. इग्निशन कॉइल, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज स्पार्कपुरता वाढवणारी कॉइल, कोमट होते, मान्य. पण ही हात ठेवू देत नव्हती. चाचा एवढंच म्हणाले, "ही एवढं पिते, बॅटरी काय करणार? घरी मोजा आणि सांगा."

रविवारी घरी गाडी मधल्या स्टँडवर लावली. बॅटरी रात्रभर बाहेर चार्ज करून, थोडा वेळ तशीच ठेवून मग मोजली: १२.७ व्होल्ट. म्हणजे बॅटरी धडधाकट. सिलिंडरच्या मागे उजव्या बाजूला डिस्ट्रिब्युटर असतो, त्याचं झाकण काढलं की पॉइंट दिसतात. चावी ऑन, पॉइंट बंद (मिटलेले), म्हणजे कॉइलमधून करंट चालू: बॅटरी एकदम ११.७ वर. पॉइंटच्या फटीत व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवला, करंट तुटला, आकडा १२.५ वर परत. इंजिन बंद, दिवे बंद, तरी एकटी कॉइल बॅटरीला एवढी खाली ओढत होती. (पॉइंट बंद असताना चावी ऑन ठेवून गप्पा मारत बसू नये. कॉइल तापते आणि बॅटरी उतरते. कार्डाचा तुकडा त्यासाठीही खिशात असावा.)

आता कॉइलचा रेझिस्टन्स. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवल्या, ०.३ ओहम दाखवले. हा पिनांचा स्वतःचा रेझिस्टन्स, तो वजा करायचा. छोटे आकडे मोजताना हे न करणारे भलतंच निदान करतात. कॉइलच्या वायरी सोडून तिच्या दोन छोट्या टर्मिनलवर पिना लावल्या: १.७. वजा ०.३, राहिले १.४ ओहम. पॉइंटवाल्या १२ व्होल्टच्या कॉइलला साधारण ३ ते ४ ओहम असायला हवेत. १.४ म्हणजे ६ व्होल्टची कॉइल! वरून काळा रंग मारलेला, लेबल गायब. आकाराने दोन्ही सारख्याच, क्लॅम्पमध्ये चपखल बसतात, गाडी चालतेही. कोणी कधी बसवली ते मामालाही आठवत नव्हतं.

हिशोब सोपा आहे. १२ ला ३.५ ने भागा, साडेतीन अँपिअरच्या आत. १२ ला १.४ ने भागा, साडेआठ. इंजिन चालू असताना पॉइंट उघड-मीट होतात, म्हणून सरासरी याहून कमी पडते, पण खर्च दुपटीच्या वरच. आयडलिंगला स्टेटरची कमाई आधीच तुटपुंजी, त्यात दुप्पट खर्च, मग काटा मायनसला नाही पडणार तर काय? त्यात कॉइल जास्त तापली की स्पार्क अशक्त, आणि पॉइंटवर जास्त करंट म्हणून पॉइंट जळके. माझ्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला तेवढाच उंचवटा आला होता. सगळा दोष कंडेन्सरचा (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) धरून तो बदलणारे बरेच भेटतील. कंडेन्सर गेला की पॉइंटवर मोठी निळी ठिणगी उडत राहते आणि प्लगवर मात्र मरतुकडा पिवळा स्पार्क मिळतो, हे खरं आहे. पण माझा कंडेन्सर नुकताच बदललेला होता, तरी पॉइंट जळत होते.

नाना पेठेत कॉइल मागितली तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, "सहाची का बाराची?" काउंटरवरच मीटर लावून ३.६ ओहम बघून घेतली. पॉइंटचा सेटही नवा घेतला. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलीमीटर गॅप ठेवायचा. गॅप हलला की टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) हलतं, म्हणून ते शेवटी बघायचं: पिस्टन वर येताना टोकाच्या ०.८ मिलीमीटर अलीकडे पॉइंट नुकते उघडायला हवेत. हे काम मी चाचांवर सोडलं. त्यांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरला आणि इंजिन हळूहळू फिरवलं. कागद जिथे सुटला तिथे प्लेट घट्ट केली. मी दिलेला टेस्ट लॅम्प त्यांनी बाजूला ठेवून दिला.

गाडी शांत झाली. सिग्नलला बंद पडणं थांबलं. पण मीटर हातात असला की माणूस चैन पडू देत नाही. रेस करून बॅटरीवर मोजलं तर १३.१ व्होल्ट. १४ च्या आसपास हवेत. स्टेटरच्या वायरी सोडून एसी मोजला, रेस वाढवली की तोही नीट वाढत होता आणि बॉडीला कुठे शॉर्ट नव्हता. म्हणजे चेनकेस उघडायची, ऑइल सांडायची गरज नाही. रेक्टिफायरच्या आउटपुटला, त्याच्याच बॉडीच्या हिशोबात, १३.९. मग पाऊण व्होल्ट वाटेत कुठे गेला? इंजिन रेसवर ठेवून एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी रेक्टिफायरच्या बॉडीला लावली. इथे जवळपास शून्य दिसायला हवं, दिसले ०.७.

पावडर कोटिंग! फ्रेम चकाचक झाली होती आणि रेक्टिफायरचा बोल्ट त्या जाड थरावर बसलेला होता. रेक्टिफायरची बॅटरीच्या मायनसशी जोडणी फ्रेममधूनच होते, पण कोटिंगमधून करंट जात नाही, तो बोल्टच्या आट्यांतून कसाबसा वाट काढत होता. बोल्टखालचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, दातेरी वॉशर घातला, वरून गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन. बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बोल्टला एक जाड अर्थ वायरही टाकली. पुन्हा मोजलं, १३.९. कोटिंग करून आणलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत मी आता आधी अर्थिंग बघतो.

किक मारायची पद्धतही आता जमते, कारण काटा बघायची सवय लागली. चावी ऑन करून डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून हळूहळू किक खाली न्यायची. पॉइंट बंद असेपर्यंत काटा थोडा मायनसला असतो. तो मध्यावर आला की पॉइंट उघडले, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आला. डीकॉम्प्रेसर दाबूनच किंचित पुढे न्यायचं, सोडायचं, किक वर येऊ द्यायची आणि एकच सणसणीत लाथ. पूर्वी काटा मायनसला इतका पडलेला असायचा की त्याची हालचाल बघायची सवयच लागली नव्हती.

जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूरला जाऊन आलो. येताना संध्याकाळी दिवा लावून घाट चढलो, काटा प्लसला रेलून होता. काढलेली कॉइल चाचांना नेऊन दिली. त्यांच्याकडे ६ व्होल्टची एक बुलेट कॉइलवाचून उभी होती, तिच्यात ती बसवली. तिथे मस्त चालते म्हणे.