५० मिमीची वेगवान लेन्स: फोकस सरकतो कुठे?

लायका एम६ या फिल्म कॅमेऱ्यासाठी वेगवान, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) खूप मोठं उघडणारी ५० मिमी लेन्स घेताना एफ/१.४ की एफ/१.५ (आकडा लहान, तितकं छिद्र मोठं) यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न फोकसचा. एक मीटरवर एफ/१.५ ला जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. पापणी स्पष्ट, कान धूसर.

झाइसच्या सी सोनार या ५० मिमी एफ/१.५ लेन्समधून चित्र लोभस येतं, पण अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकतो. एसएलआर कॅमेऱ्यात निदान भिंगातूनच बघता येतं; एम६चा रेंजफाइंडर मात्र वेगळ्या खिडकीतून अंतर जुळवतो, त्याला या सरकण्याचा पत्ताच नसतो. म्हणून घेण्याआधी लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यावर (बॉडीवर) तपासा: ट्रायपॉड, एक मीटर अंतर, ४५ अंशांत तिरपी पट्टी. एका आकड्यावर फोकस करा आणि रिंगला हात न लावता १.५, २, २.८, ४ असे फोटो काढा. स्पष्ट आकडा एफ/२.८ ला मागे गेला, तर तो लेन्सचा स्वभाव. सगळ्याच फोटोंत सारखा चुकला, तर दोष लेन्सच्या कॅमच्या (रेंजफाइंडरला अंतर कळवणाऱ्या भागाच्या) जुळणीचा, किंवा बॉडीचाही. दुसरी लेन्स लावून बघा.

जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारून आतली धूसर साय नक्की बघा. आणि उन्हात, ४०० आयएसओ फिल्मवर? १/१००० लाही एफ/११ लागतं. तिथेही एफ/१.५ वापरायचं तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सहा वेळा निम्मा करणारी काळसर काच घ्या.