घरफोडीचं अपील आणि भरपाईचा हिशेब

खालच्या कोर्टाचा निकाल असा होता: घरफोडी व चोरी, भारतीय दंड संहिता (भादंवि) 457 आणि 380, दोन वर्षं सक्तमजुरी, 2,000 रुपये दंड, शिवाय 2,13,000 रुपये नुकसानभरपाई, न भरल्यास आणखी सहा महिने. आरोपी गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस मिळतात, नकलेला लागलेले दिवस वगळून. शिक्षा तीन वर्षांच्या आत आणि आरोपी जामिनावर, त्यामुळे खालच्या कोर्टानेच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 389(3) खाली शिक्षा तात्पुरती स्थगित केली होती. पुढची स्थगिती सत्र न्यायालयातूनच घ्यायची. त्या अर्जात भरपाईचा उल्लेख बऱ्याचदा राहून जातो आणि मग वसुलीचं वॉरंट दारात येतं.

भरपाईचा आकडा आला कुठून? सरळ फिर्यादीतून. साडेसहा तोळे सोनं आणि 18,000 रोख, बेरीज 2,13,000. पण मुद्देमाल पावती आणि सुपूर्तनामा काढून पाहिला, तर सराफाकडून जप्त केलेली, वितळवलेल्या सोन्याची 38 ग्रॅमची लगड फिर्यादीला खटला चालू असतानाच परत मिळालेली. म्हणजे तेवढ्या सोन्याची किंमत दोनदा. शिवाय त्याच संहितेच्या 357(3) ची भरपाई शिक्षेत दंड नसेल तेव्हाच देता येते. दंड ठोठावला असेल तर 357(1) प्रमाणे त्या दंडातूनच. आरोपीची ऐपत किती, यावर निकालपत्रात अवाक्षर नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात (2013) तो विचार अपेक्षिला आहे. एवढ्यावर भरपाईला स्थगिती मिळाली, तीही काही रक्कम भरायला न लावता. एरवी थोडी तरी भरायला सांगतात.

आता मूळ दोषसिद्धी. 457 ला ‘रात्रौ’ लागतं, सूर्यास्त ते सूर्योदय. फिर्यादीचं कुटुंब दोन दिवस लग्नाला बाहेरगावी. परत आले तर कडीकोयंडा तुटलेला. फोडलं दिवसा की रात्री, हे एकाही साक्षीदाराला सांगता आलं नाही. तेवढ्याने फार तर 454 वर, म्हणजे रात्रीची अट नसलेल्या घरफोडीवर, यावं लागलं असतं, सुटका नव्हे. खरी मेख लगडीत होती. आरोपीच्या निवेदनावरून सराफ सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. पण निवेदन पंचनाम्याची वेळ सकाळी 11.30 आणि स्टेशन डायरीत पोलीस पथक सराफाच्या दुकानाकडे रवाना 10.45 ला! सराफाचं नाव आधीच ठाऊक असेल तर पुरावा कायदा कलम 27 मधला ‘शोध’, म्हणजे आरोपीने सांगितल्यामुळेच गोष्ट उघडकीस येणं, उरत नाही. सराफाच्या वहीत खरेदीची नोंद नाही, तोही फितूर. वितळवलेल्या सोन्यावर फिर्यादीची खूण कसली राहणार? तरी ‘हेच माझं सोनं’ अशी ओळख निकालात ग्राह्य धरलेली. घरात मिळालेले बोटांचे ठसे जुळले असते तर हे सगळं फिकं पडलं असतं, पण ठसे तज्ज्ञाचा अहवाल दोषारोपपत्रासोबत नव्हताच.

सरकारी वकिलांनी पुरावा कायद्याच्या कलम 114 चं गृहीतक पुढे केलं: चोरीचा माल ज्याच्याकडे, तो चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा. ते लागू होतं चोरीचा माल लगोलग आरोपीच्या ताब्यात मिळाला तर. इथे ताबा सराफाचा, तोही अडीच महिन्यांनी.

अपील मंजूर झालं, शिक्षेबरोबर भरपाईचा आदेशही गेला. लगड फिर्यादीकडेच राहिली, कारण आरोपीने ती आपली म्हटलीच नव्हती आणि सराफाने मागितली नाही. भरलेला 2,000 दंड परत मिळायला मूळ कोर्टात अपिलाच्या निकालाची प्रमाणित नक्कल आणि दंडाची पावती जोडून वेगळा अर्ज करावा लागतो. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत भरपाई, अपील आणि शिक्षेची स्थगिती यांची कलमं अनुक्रमे 395, 415 आणि 430 आहेत.