असईचे मैदान आणि घरातला साठा

शनिवार, रात्री

टेबलावर खेळायच्या युद्धखेळासाठी असईची रणभूमी तयार करण्याचे काम आज मनावर घेतले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर, दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि इंग्रजांचे सेनापती आर्थर वेलस्ली यांची असईच्या लढाईत गाठ पडली. आपल्याकडे तिच्याविषयी जेवढे बोलले जाते, त्याहून कितीतरी अधिक वेळा इंग्लंडमधले वॉरगेमर ती टेबलावर लढत असतात. त्यांच्या मासिकांतली आणि व्हिडिओंतली असई मी पुष्कळ पाहिली आहे. शिपाई, तोफा, गणवेशांच्या पट्ट्या यांत कुठे बोट ठेवायला जागा नसते. जमीन मात्र आपली वाटत नाही. हिरवेगार कुरण, मऊ गोल टेकड्या, निळी नदी आणि कुठेतरी वाळवंटी मुलखात शोभतील अशी घुमटाची घरे. माझे आजोळ भोकरदन तालुक्यातले असल्यामुळे ही गोष्ट मला फार खटकते.

म्हणून यंदा ठरवले आहे की तयार साहित्य आणायचेच नाही. पैसे वाचवणे हे त्याचे दुय्यम कारण आहे. बाजारात मिळणारे गवत, कुंपणे आणि झाडे युरोपातला भूप्रदेश डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात आणि ती वापरली की नकळत आपले मैदानही तिकडचे होते. घरातली वस्तू उचलायची म्हटले, की आधी प्रश्न पडतो तो खऱ्या जमिनीचा: तिथली माती कोणत्या रंगाची, घराचे छप्पर कसे, सप्टेंबरअखेर शेतात काय उभे असते? उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे जात नाही, आणि मला या छंदातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

प्रमाण आज नक्की केले. शिपाई १५ मिलिमीटरचे आहेत, म्हणजे खऱ्या माणसाच्या सुमारे शंभराव्या भागाइतके. टेबल सहा फूट बाय चार फूट. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर धरले, तर साधारण साडेतीन किलोमीटर लांब आणि सव्वादोन-अडीच किलोमीटर रुंद मुलूख बसतो आणि दोन्ही नद्या पटावर येतात. या हिशेबाने प्रत्येक शिपाई तीस मीटर उंच ठरतो, परंतु ही तडजोड प्रत्येक युद्धखेळात करावीच लागते. जमिनीचे क्षेत्र जमिनीच्या प्रमाणात ठेवायचे आणि घरे शिपायांच्या प्रमाणात. त्यामुळे अख्खे गाव म्हणून चार-पाच घरे मांडली की पुरते.

रविवार

आजचा सगळा दिवस नद्यांमध्ये गेला. असईचा प्रदेश जवळजवळ सपाट आहे. तिथे लढाईचे स्वरूप ठरवले ते टेकड्यांनी नव्हे, तर नद्यांच्या उभ्या दरडींनी. तोफा आणि घोडे कुठूनही उतरवता येत नाहीत, ठरावीक उताराच्याच जागा शोधाव्या लागतात. टेबलावर निळी फीत पसरून ही गोष्ट दाखवता येत नाही. नदी खाली हवी असेल तर बाकीची सारी जमीन वर उचलावी लागते.

त्यासाठी पार्सलांची पुठ्ठ्याची खोकी उपयोगी पडली. जाड, पाचपदरी खोक्याचा पुठ्ठा साधारण पाच मिलिमीटरचा असतो. त्याचे दोन थर एकावर एक चिकटवले की सेंटिमीटरभर उंची मिळते आणि दोन तुकड्यांमध्ये सोडलेली फट हेच नदीचे पात्र होते. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका थरात उभ्या ठेवल्या तर दुसऱ्या थरात आडव्या ठेवायच्या, म्हणजे तुकडा वाकत नाही. फेव्हिकॉलमधले पाणी एका बाजूने शोषले गेले की पुठ्ठा वाटीसारखा वर उचलला जातो. त्यामुळे खालच्या बाजूलाही तेवढाच पातळ हात द्यायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचे. आमच्याकडे विश्वकोशाचे खंड आहेत, ते आज त्या कामी लागले आहेत.

दरडीच्या कडा कापताना पाते सरळ न धरता तिरपे धरले आणि वरचा कागद ओढून काढला, तेव्हा आतल्या नागमोडी पदराच्या ओळी उघड्या पडल्या. पावसाने चिरत गेलेल्या काळ्या मातीच्या दरडीला अशाच बारीक उभ्या घळी असतात. त्यावर फेव्हिकॉल आणि बारीक माती यांचा लेप दिल्यावर पुठ्ठा ओळखूही येत नाही. हीच युक्ती सह्याद्रीच्या कड्यांसाठी उलट्या पद्धतीने वापरावी असे मनात आहे. दख्खनचा बेसाल्ट लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला असल्यामुळे कड्यावर पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात आणि फाडलेल्या पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचले की तो कडा जवळजवळ आपोआप तयार होतो. प्रतापगडचा पट करायला घेईन तेव्हा हे सविस्तर करून पाहता येईल.

पात्राचा रंग निळा ठेवलेला नाही. पावसाळ्याच्या अखेरीस या नद्यांचे पाणी गढूळ, तांबूस-करडे असते. तो रंग वाळल्यावर त्यावर फेव्हिकॉलचे पातळ थर द्यायचे. प्रत्येक थर पारदर्शक होईपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा द्यायचा. घाई केली तर आत पांढुरकेपणा राहतो. शेवटी नखांना लावायच्या रंगहीन पॉलिशचा एक हात दिला, की पाण्याची झाक येते. ते पॉलिश थर्माकोलला लागू द्यायचे नाही, कारण त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो; रबरी सोल्युशनचे आणि स्प्रेच्या रंगाचेही तेच. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मी तो विकत आणलेला नाही. फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्यातून आलेले तुकडे मात्र टाकून न देता आधारासाठी वापरतो.

मंगळवार

चहाचा चोथा वाळला. काळ्या जमिनीसाठी याच्याइतके चांगले साहित्य मला दुसरे माहीत नाही, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, त्यामुळे चोथा तसाच वाळवला तर मुंग्या येतात आणि पुढे बुरशी धरते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तो धुवावा लागतो, कडक उन्हात पसरावा लागतो आणि शेवटी तव्यावर मंद आचेवर कोरडा करावा लागतो. आईने गाळण्यातला चोथा वेगळा ठेवण्याचे काम आनंदाने पत्करले. “धुवायचा मात्र तूच हं,” एवढेच तिचे म्हणणे होते.

बारीक चाळणीतून जो खाली पडतो तो नांगरलेल्या शेतासाठी आणि जो वर राहतो तो ढेकळांसाठी. फेव्हिकॉलवर भुरभुरून, वाळल्यावर काळपट तपकिरी रंग द्यायचा. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने राखाडी रंग नुसता वरवर फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि हाताएवढ्या तुकड्यावर काळी जमीन दिसू लागते.

शनिवार

घरे. आज लिहिण्यासारखे पुष्कळ आहे.

मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. भिंती मातीच्या, छप्पर सपाट. लाकडी तुळया, त्यांवर किलचा म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, वर पाला आणि मातीचा जाड थर. उतरते छप्पर नाही, कौले नाहीत. त्यामुळे काड्यापेटी हे या घरासाठी जवळजवळ तयार माप आहे. साधी काड्यापेटी सुमारे पाच सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड असते. ती आडवी ठेवली तर शिपायाच्या डोक्याइतकेच घर होते. म्हणून दोन पेट्या लांब काठावर उभ्या करून एकमेकींना जोडायच्या, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर उंचीचे, शंभरपट केल्यास साडेतीन मीटरचे घर मिळते. औषधांची आणि साबणाची खोकी वाड्यांना उपयोगी पडतात.

भिंतीचा गिलावा रांगोळीचा केला. जाडसर पांढरी रांगोळी फेव्हिकॉलमध्ये कालवून बोटानेच लिंपली, कारण कुंचल्याने लिंपलेली भिंत फार नेटकी दिसते आणि मातीच्या भिंतीवर हाताच्या फटकाऱ्यांचा चढउतार असतो. वरून दिलेल्या रंगात उदबत्तीची राख चिमूटभर मिसळली. त्यामुळे रंगाची चकाकी मरते आणि गावच्या पांढरीची ती कोरडी, किंचित पिवळट छटा येते. तुळयांची टोके म्हणून टूथपिकचे तुकडे छपराखाली ओळीने बसवले, पन्हळींसाठी संपलेल्या बॉलपेनच्या रिफिली उभ्या चिरल्या आणि भिंतीवर पन्हळीच्या खाली ओलाव्याचा एक गडद ओघळ ओढला. सप्टेंबर असल्यामुळे तो हवाच होता. या ओघळाने घराला ऋतू मिळाला, असे मला पाहताक्षणी वाटले आणि मग प्रत्येक घराला तो दिला.

असईच्या गावाला मातीचा तट आणि गढी होती. लढाईत या गावाचे महत्त्व फार मोठे आहे. केळनेच्या दक्षिण काठाने आलेल्या वेलस्लीने नदी ओलांडली आणि तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर वळला, तेव्हा शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या जर्मन (हानोव्हरच्या) अधिकाऱ्याच्या हाताखालच्या कवायती पलटणींनी आपली रांग काटकोनात फिरवली. उजवे टोक केळनेला आणि डावे असईला टेकवले. अशी हालचाल शत्रूसमोर पार पाडणे हे उत्तम शिकवलेल्या पायदळाचेच काम आहे, आणि वेलस्लीला ती अपेक्षित नव्हती. पुढे त्याच्या उजव्या बाजूच्या तुकड्या ठरल्यापेक्षा असईकडे सरकल्या आणि गावातल्या व गावाजवळच्या तोफांच्या तोंडी सापडल्या. ७४ व्या हायलँडर पलटणीची तिथे अक्षरशः दुर्दशा झाली. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. या गावाची भिंत आपण मन लावून करावी, एवढा तिचा हक्क आहे.

तटासाठी दुहेरी पुठ्ठा, बुरुजांसाठी कापडाच्या ठाणातली जाड नळी कापून घेतली. बुरूज वर किंचित निमुळता हवा. नळीला उभी चीर देऊन वरच्या बाजूने आत दाबून चिकटवले की तो तसा होतो. तटाच्या आत शिपायांच्या तुकड्यांचे तळ, म्हणजे शिपाई चिकटवलेल्या पट्ट्या, ठेवता यावेत, म्हणून घरे सुटी ठेवली आहेत. देखावा आणि युद्धखेळाचा पट यांत हाच फरक आहे. दिवाळीचा किल्ला करताना आम्ही विटांवर गोणपाट टाकायचो, माती लिंपायचो, अळीव पेरायचो आणि उतार जितका उभा तितका आनंद व्हायचा. मावळा कलला तर त्याच्या पायाशी चिखलाचा गोळा लावायचो. युद्धखेळात मात्र प्रत्येक तुकडी सरकते, मोजपट्टी जमिनीवर टेकते आणि उतारावर न टिकणारा तळ संपूर्ण खेळ अडवतो. किल्ला करण्यातून हातांना माती कळली, हे ऋण मी मानतो. पण इथे मातीला नियमही पाळावे लागतात.

रविवार, संध्याकाळ

उभी पिके आज झाली. काथ्याचे जुने पायपुसणे कापून त्याचे तुकडे शेत म्हणून वापरणे ही युद्धखेळात फार वर्षांपासून चालत आलेली युक्ती आहे आणि तिकडे तो गहू मानला जातो. माझ्या पटावर ती बाजरी आहे. काथ्याची उंची दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे प्रमाणात दीड-दोन मीटर, आणि सप्टेंबरअखेरची बाजरी तेवढीच असते. बुडाशी हिरवा रंग दिला, मधला भाग तसाच सोडला आणि टोकांना करडा लावला. कणसे भरल्यासारखी दिसतात. मागचे रबर सोलून तुकड्यांच्या कडा वेड्यावाकड्या कातरल्या, कारण शेताचे बांध सरळ नसतात.

झाडांसाठी जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड केले. बाभळीचा माथा पसरट आणि विरळ असतो, तिथे दाट स्पंज शोभत नाही. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचे पदर सोलून, ताणून, तारेवर आडवे बसवले तेव्हा उजेड आरपार दिसू लागला. कुंडीत गळून पडलेल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या आईने पुडीत बांधून दिल्या होत्या; त्या नदीकाठच्या झुडपांना अगदी योग्य ठरल्या.

सगळे तुकडे आज प्रथमच एकत्र मांडले आणि खाली वाकून, डोळे टेबलाच्या पातळीवर आणून पाहिले. १८१२ साली प्रशिया या जर्मन राज्यात राइसविट्झ यांनी राजासमोर सुट्या भूभागांच्या चौकटी मांडून युद्धखेळाचे टेबल सादर केले होते. त्यांच्या मुलाने १८२४ साली तोच खेळ नकाशांवर आणला. सोय झाली, प्रसार झाला, पण नकाशात माणूस कायम आकाशातून पाहतो. वेलस्ली आकाशातून पाहत नव्हता. नदी ओलांडायला उतार, म्हणजे उथळ पाण्याची जागा, नाही असे त्याचे वाटाडे सांगत होते. त्याला दिसली ती नदीच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर वसलेली दोन गावे, इंग्रजी नोंदींतली पीपलगाव आणि वारूर. इतकी जवळची गावे ये-जा करत असणारच, म्हणजे मध्ये उतार असणारच, असे त्याने ताडले आणि ते खरे निघाले.

म्हणून पटावर उतार रंगवायचा नाही, असे मी ठरवले आहे. दरडीला ठिकठिकाणी पायवाटेच्या खाचा पाडल्या आहेत, सगळ्या सारख्याच. प्रत्येक खाचेखालचा पात्राचा तुकडा सुटा आहे आणि त्याच्या मागे ‘उतार’ किंवा ‘खोल पाणी’ लिहिले आहे. खेळाआधी पंच ते तुकडे बदलून ठेवेल आणि गावेही त्याप्रमाणे हलवेल, म्हणजे इतिहास पाठ असलेल्यालाही आयते उत्तर मिळणार नाही. तुकडी काठावर पोहोचल्यावरच तुकडा उलटायचा. पाणी खोल निघाले तर ती चाल वाया जाईल आणि तोवर समोरची रांग फिरलेली असेल. वारूरच्या बाजूची दोन घरे अजून गिलाव्याची राहिली आहेत. रांगोळी संपली आहे, ती उद्या आणायची आहे.