डॅशबोर्ड उघडला! खाडीच्या साइटचा अपडेट

मंडळी, ॲडमिनमध्ये शिरलो एकदाचा! ठाणे खाडीच्या पक्ष्यांच्या नोंदींची आपली वर्डप्रेसवरची साइट नव्या होस्टिंगवर (नव्या कंपनीच्या सर्व्हरवर) हलवतोय हे मागच्या वेळी सांगितलंच होतं. बाहेरून सगळं मस्त चालू होतं, ठाणे खाडीच्या नोंदी दिसतायत, ऐरोली-भांडुपचे फोटो दिसतायत, पण लॉगिन केलं की 'सॉरी, यू आर नॉट अलाउड टू ॲक्सेस धिस पेज', म्हणजे हे पान उघडायची परवानगी नाही. माझंच नाही, नोंदी तपासणाऱ्या ऐरोलीच्या काकांचंही तेच.

डेटाबेस नव्या सर्व्हरवर इम्पोर्ट करताना एक अडचण आली होती पण ती लगेच सुटली. जुन्या सर्व्हरवर डेटाबेस मायएसक्यूएल ८, नव्यावर मारियाडीबी, त्याला युटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय हे कोलेशन (अक्षरांची तुलना नि क्रम ठरवणारा नियम) ओळखता येईना, मग डंप फाइलमध्ये (डेटाबेसच्या निर्यात केलेल्या प्रतीत) सेड या शोधा-बदला कमांडने युनिकोड_५२०_सीआय करून टाकलं. देवनागरीचं एकही अक्षर फुटलं नाही, रोहित (फ्लेमिंगो), शेकाट्या, तुतवार, सगळ्या पक्ष्यांची नावं जागेवर, हे बघून जाम बरं वाटलं.

खरा छळ लॉगिनचा. उपाय विचारला तर बहुतेकांनी सुचवलं की पीएचपीमायॲडमिनमधून (डेटाबेस ब्राउझरमध्ये उघडणारं टूल) युजर्स टेबलमध्ये नव्या पासवर्डचा एमडी५ हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) टाकून पासवर्ड बदल. चालतं ते, ६.८ आवृत्तीपासून वर्डप्रेस हॅशसाठी बीक्रिप्ट ही नवी पद्धत वापरतं तरी जुना एमडी५ स्वीकारतं आणि लॉगिन झालं की स्वतःच नवा हॅश करून ठेवतं. पण इथे पासवर्ड मान्य होतच होता ना! तो चुकला असता तर लॉगिनच्या पानावरच अडलो असतो. म्हणजे मी कोण हे साइटला कळतंय, मला काय करायची परवानगी आहे ते कळत नाहीये. प्लगिन्सचं फोल्डर रीनेम करून बघितलं, कुकीज उडवल्या, साइटयूआरएल आणि होम (साइटच्या पत्त्याची सेटिंग्ज) तपासले, सगळं ठीक. मग युजरमेटा (युजरची जास्तीची माहिती असलेलं टेबल) उघडलं आणि सापडलं!

होस्टिंगवाल्यांच्या मायग्रेशन टूलने (साइट हलवणाऱ्या टूलने) टेबलांचा प्रीफिक्स (नावाआधीचा 'डब्ल्यूपी_' हा भाग) परस्पर बदलला होता, कॉन्फिग फाइलमध्येही नवा घातला होता, पण टेबलांच्या आतल्या ओळी तशाच. युजरमेटामध्ये 'डब्ल्यूपी_कपॅबिलिटीज' आणि 'डब्ल्यूपी_युजर_लेव्हल', ऑप्शन्स टेबलमध्ये 'डब्ल्यूपी_युजर_रोल्स', ही तिन्ही नावं प्रीफिक्ससकट साठवलेली असतात. वर्डप्रेस नव्या नावाने शोधतंय, ओळ जुन्या नावाने पडलीय, म्हणून साइटवर कुणाला कसलाच अधिकार नाही. आधी सिलेक्ट क्वेरी मारून ओळी बघितल्या, मग अपडेट क्वेरीने त्यांत नवा प्रीफिक्स घातला. क्वेरीत लाइक (नमुन्याने शोध) वापरणार असाल तर अंडरस्कोअर एस्केप करा (त्याआधी बॅकस्लॅश द्या), नाहीतर तो कुठलंही एक अक्षर धरतो. पान रीफ्रेश केलं आणि डावीकडे अख्खा मेनू! काकांना लगेच फोन केला.

माझं मत आता पक्कं झालंय, असली एका क्लिकची टूल्स नकोतच, मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) आणि डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस कमांडने चालवायचं टूल) पुरे. साइटचा पत्ता बदलायचा तरी सीएलआयचं सर्च-रिप्लेसच वापरा, कारण सीरियलाइज्ड डेटात (अनेक सेटिंग्ज एकाच मजकुरात बांधून ठेवलेल्या असतात त्यात) प्रत्येक मजकुराची लांबी बाइट्समध्ये लिहिलेली असते. 'रोहित' दिसायला ३ अक्षरं, पण युटीएफ-८ मध्ये १५ बाइट्स. साध्या फाइंड-रिप्लेसने आकडा जुळला नाही की विजेट्सची सेटिंग्जच गायब.

आता नकाशाचं पान घ्यायचं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की आधी अधिकारांचंच काम उरकावं. नोंदी तपासणाऱ्यांना एडिटरची भूमिका पुरते, ॲडमिन दोघेच ठेवू. आणि नकाशासाठी डेटाबेसचा वेगळा युजर काढतो, फक्त सिलेक्टचा ग्रँट (वाचायची परवानगी) असलेला, म्हणजे नकाशाच्या कोडमध्ये काही भोक राहिलं तरी नोंदींना कुणी हात लावू शकणार नाही. रोजचा डंप घरच्या रास्पबेरी पायवर (छोट्या, स्वस्त संगणकावर) ओढून घ्यायचा विचार होता, त्यात आता एक भर: तो डंप तिथेच रिकाम्या डेटाबेसमध्ये रीस्टोअर करून लॉगिनपर्यंत तपासायचा. नोव्हेंबरपासून रोहित यायला लागतात, नोंदींचा ओघ वाढतो, त्याआधी हे हवंच. पायवर मारियाडीबी कुणी कायम चालू ठेवलंय का? एसडी कार्ड टिकतं की सरळ एसएसडी घेऊ, सांगा.