आमची वाटचाल: बटणाखालचा नियम आणि शिनोळीचं चलन

२००८ साली बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका खोलीत दोन कॉम्प्युटर मांडून आम्ही धंद्यांसाठी प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतली एक फौंड्री. त्यांना व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत बिलिंगचा प्रोग्राम लिहून दिला. दर काढणं, टॅक्स लावणं, स्टॉक वजा करणं, सगळं 'सेव्ह' बटणाखाली. मालकांना काही बदलून हवं असलं की मी मोटरसायकलवर जायचो, बटणाखालचा कोड उघडायचो आणि तासाभरात चहा पिऊन परत. गिऱ्हाइकं वाढत होती, त्यामुळे यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे. कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७. सारखे असले तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा), वेगळे असले तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर). बिलाच्या स्क्रीनवर तेवढी ओळ घातली आणि काम झालं असं धरून चाललो.

पण बेळगावकराला हद्द लांब नाही. चंदगड तालुक्यातलं शिनोळी अर्ध्या तासावर आणि ते महाराष्ट्रात. आमच्या एका गिऱ्हाइकाची एक शेड उद्यमबागेत, दुसरी शिनोळीत. इकडचा माल तिकडे जायचा तो 'स्टॉक ट्रान्सफर'च्या स्क्रीनवरून, साध्या चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या बिनकराच्या कागदावर. मालक एकच असला तरी दोन राज्यांतल्या दोन नोंदण्या कायद्याने वेगळ्या धरतात, म्हणजे तिथे आयजीएसटीचं बिलच लागतं. आमचा नियम बिलाच्या बटणाखाली होता, ट्रान्सफरच्या बटणाला त्याचा पत्ताच नव्हता. महिनाअखेरीला त्यांच्या सीएंनी चलनांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. ती चूक आमची होती. रात्री बसून एकेक चलन दुरुस्त केलं, आणि मालक एका शब्दाने बोलले नाहीत याचंच जास्त लागलं.

त्यानंतर सगळे नियम उचलून डेटाबेसमध्ये, स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसच्या आतच चालणाऱ्या कोडमध्ये) नेले. एका जागी आले खरे, पण वर्षभरात एकेक प्रोसिजर हजार ओळींची झाली. एक नियम तपासायचा तर पार्टी, माल, दर असा सगळा डेटा आधी भरायचा. मग कंटाळून तपासणंच राहून जायचं.

२०२० मध्ये आम्ही मधला थर वेगळा काढला. स्क्रीन वर, डेटाबेस खाली आणि धंद्याचे नियम मध्ये. कुठला नियम कुठे जाणार यावर ऑफिसात वाद व्हायचे. शेवटी मी मुलांना एक प्रश्न दिला: उद्या कॉम्प्युटर बंद पडला आणि दिवाणजी हाताने बिल लिहायला बसले, तर ही गोष्ट त्यांना माहीत असावी लागेल का? लागत असेल तर ती मधल्या थरात. तारीख कशी दिसावी, रकाना किती रुंद असावा, ते स्क्रीनचं.

एक उदाहरण. पुण्याच्या कंपनीने आमच्या बेळगावच्या गिऱ्हाइकाकडून माल विकत घेतला, पण सांगितलं, "उद्यमबागेतल्याच मशीन शॉपला टाका." माल हद्द ओलांडत नाही, तरी बिल आयजीएसटीचं होतं, कारण पुरवठ्याचं ठिकाण पुण्याचं धरलं जातं. हे दिवाणजींना माहीत असावंच लागतं. आता ही केस आमच्या टेस्टमध्ये, म्हणजे नियम आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये आहे, डेटाबेसला हात न लावता क्षणात तपासून होते.

काही गोष्टी मात्र मुद्दाम खाली डेटाबेसमध्येच ठेवल्या. एका आर्थिक वर्षात बिल नंबर दुबार होता कामा नये, हा पहारा डेटाबेसवरच हवा. दोन कारकुनांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर मधल्या थरातली तपासणी दोघांनाही सोडून देते. महिनाअखेरीचं स्टॉकचं मूल्यांकनही खालीच आहे. लाखभर नोंदी वर ओढून बेरीज करण्यात अर्थ नाही.

आमच्या भागात आणखी एक फायदा झाला. मोल्डिंगकडचा सुपरवायझर कन्नड वाचतो, ऑफिसात मराठी चालतं, सीएंना इंग्रजी लागतं. मधला थर आता वाक्य बोलत नाही, 'उधारीची मर्यादा ओलांडली' याची नुसती खूण देतो. कुठल्या भाषेत सांगायचं ते स्क्रीन ठरवते.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा शेती अवजारांच्या एका व्यापाऱ्याकडे मी स्वतः जाऊन बसलो होतो. बहुतेक अवजारं १२ टक्क्यांवरून ५ वर आली होती. दर तारखेप्रमाणे मधल्या थरात ठेवलेले, त्यामुळे बदल एका तक्त्यात. दुपारी एक शेतकरी ऑगस्टमध्ये नेलेलं अवजार परत घेऊन आला. कारकुनाने जुन्या बिलाचा नंबर टाकला आणि क्रेडिट नोट (बिलाची रक्कम परत जमा केल्याचा कागद) निघाली, १२ टक्क्यांची. त्याने माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे," मी म्हटलं, "बिल ऑगस्टचं आहे."